इंजिनावरचा पंजा

इंजिनाच्या बाजूचं काळं तेल फडक्यानं पुसलं आणि गोविंदाचा हात थांबला. तेलाखाली तांबूस रंगात एक पंजा उमटला होता. अंगठा, तर्जनी, अनामिका, करंगळी अगदी स्वच्छ. मधलं बोट मात्र अर्धंच.

त्यानं बॅटरी जवळ नेली. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवून बाजूला ठेवलं होतं. त्याच्याखालच्या गॅस्केटला, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या पातळ पत्र्याला, दोन्ही बाजूंनी तांब्याच्या रंगाचा स्प्रे मारलेला होता. तोच कुणाच्या तरी हाताला लागला होता आणि हात टेकला तिथं इंजिनावर आला होता. इंजिन तापून तापून तो रंग पक्का झाला होता.

टेम्पो धोंडीबाचा. तो मुरबाडकडून कल्याणच्या मार्केटला भाजी आणायचा. गोविंदाच्या या कोपरच्या गॅरेजात पहिल्यांदाच आला होता. इंजिन तापतंय आणि पाणी कुठं जातंय कळत नाही, अशी त्याची तक्रार होती. गॅस्केट तर दिवाळीतच बदललंय, असं तो सांगत होता. तिकडच्या मिस्त्रीनं त्याला म्हटलं होतं की हेड घासून सपाट करायला लेथवर पाठवायची काही गरज नाही, स्प्रे मारला की फट भरून निघते.

"त्या मिस्त्रीचं उजव्या हाताचं मधलं बोट..." गोविंदानं विचारलं.

"अर्धं आहे," धोंडीबा म्हणाला. "ओळखता का?"

गोविंदानं पंजाची कड पुन्हा एकदा पुसून पाहिली.

थोरल्या भावाचं, साईनाथदादाचं, ते बोट फॅन बेल्टमध्ये गेलं, तेव्हा गोविंदा त्याच्या शेजारी उभा होता. वडील लवकर गेले. पाना धरायला दादानं शिकवलं, इंजिनाचा आवाज ओळखायला दादानं शिकवलं. पुढं गोविंदा ठाण्याला, खोपटच्या एका वर्कशॉपमध्ये लागला आणि तिकडेच राहू लागला. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी दादा मोटरसायकल घेऊन खाडीवर गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं. गाडी काठावर सापडली. होड्या घालून शोधलं, पण दादा मिळाला नाही. शेवटी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, तोही गोविंदाच्याच हातानं. मग तो ठाणं सोडून घरी आला. गॅरेज, आई, दर्शनावहिनी आणि तिची छोटी कृतिका, सगळं त्यानं अंगावर घेतलं.

धोंडीबाकडे त्या मिस्त्रीचा नंबर होता. गोविंदा बाहेर जाऊन बराच वेळ फोनवर बोलला. आत आला तेव्हा डोळे पुसत होता आणि हसतही होता. त्यानं पंजाचा फोटो काढला आणि गॅरेजला कुलूप न लावताच घरी निघाला. वाटेत त्याला एकच काळजी होती. वहिनीला एकदम सांगितलं तर तिला सोसेल का? म्हणून आधी आईला सांगायचं त्यानं ठरवलं.

त्याची आई विमलाबाई ओट्याशी वाल सोलत बसल्या होत्या. त्यानं त्यांच्यापुढं फोन धरला आणि दादा जिवंत असल्याचं सांगितलं.

त्यांनी फोटो नीट पाहिला. रडल्या नाहीत. "मुरबाडलाच आहे ना अजून?" एवढंच विचारलं.

गोविंदानं मुरबाडचं नावही घेतलं नव्हतं.

वालाची साल काढत त्या हळू आवाजात सांगू लागल्या. हा पंजा त्यांनी दर्शनाच्या गालावर पाहिला होता, पाठीवर पाहिला होता, अर्ध्या बोटासकट. मारून झालं की साईनाथ चार दिवस शहाण्यासारखा वागायचा. दर्शनाला डाव्या कानानं ऐकू येत नाही, ते सगळ्यांना सांगितलं तसं तापानं नव्हे. तो कान फुटला त्या दिवशी त्यानं कृतिकावरही हात उचलला. पोर तेव्हा दोन वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी विमलाबाईंनी त्याची पिशवी दाराबाहेर ठेवली आणि स्वतः कोयता घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. परत आलास तर चौकीत मीच तुझ्याविरुद्ध सांगेन, म्हणाल्या. तो मुरबाडच्या एसटीत बसला. पण तो जिवंत आहे म्हटल्यावर चार नातेवाईक जमले असते आणि समजूत घालून त्याला परत आणून बसवलं असतं. म्हणून दर्शनानं मोटरसायकल ढकलत खाडीवर नेऊन ठेवली.

"मला का नाही सांगितलंस?" गोविंदानं विचारलं.

"तू त्याचा हात नुसता इंजिनावर बघितलास रे," विमलाबाई म्हणाल्या. "तुला सांगितलं असतं, तर पाया पडून तूच घेऊन आला असतास त्याला."

आतल्या खोलीतली शिलाई मशीन थांबली. दर्शना दारात आली. गोविंदाच्या फोनवरचा फोटो तिनं पाहिला आणि तिचा हात आपोआप कानाकडे गेला. मग ती गोविंदाच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"भाऊजी, तुम्ही त्यांच्याशी बोलला नाहीत ना?"

गोविंदानं फोन खाली घेतला.

"वहिनी," तो म्हणाला, "तो निघालाय."