दुसरं कार्ड

"तुझं कार्ड लाव रे," दादा तिसऱ्यांदा म्हणाला. "अकराला ट्रक निघाला नाही, तर विमान चुकेल."

धाकट्याने चहाचा घोट घेतला. शीतगृहाच्या दारात गुलाबाच्या नव्वद पेट्या रचलेल्या होत्या. प्रत्येक पेटीवर रेडिओ-टॅग होता आणि त्याची डिजिटल किल्ली दोघा भावांच्या कार्डांत वाटलेली. दोन्ही मालकांची कार्डं लागल्याशिवाय फाटक माल बाहेर सोडत नसे.

ही व्यवस्था दादाचीच. सहा वर्षांपूर्वी दोन पेट्या हरवल्या, तेव्हा त्याने याच फाटकात, कामगारांदेखत, सख्ख्या भावाचे खिसे उलटे करायला लावले होते. पेट्या दुसऱ्या दिवशी मांडणीमागे सापडल्या. माफीचा शब्द अजून सापडायचा होता.

"कार्ड सापडेना," धाकटा म्हणाला. "खिसे तपासतोस?"

ट्रकवाला हसला.

"मागचे दोन माल तू असेच कुजवलेस. अर्धे तुझेही होते."

"असू देत."

"आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन," ट्रकवाला पुटपुटला.

धाकट्याने तिकडे पाहिलंही नाही. खरेदीदार दादाचे होते, बाजारात पतही दादाचीच.

"आज चुकलं, तर माल ज्याच्या नावावर त्याला कायमचा बाद करतील," दादा म्हणाला. "हात जोडू का?"

"जोड की."

दादाने खरंच हात जोडले. धाकट्याला चहा एकदम गोड लागला. सकाळच्या मोजणीला हाच माणूस किती गुर्मीत होता! रोजच्यासारखी दोघांनी कार्डं लावली, तर म्हणाला, यंत्राने मोजणी नीट घेतली नाही, परत लाव. पडदा वाचायलाही थांबू दिलं नाही. आणि आता गळ्यात कार्डाची पट्टीसुद्धा नाही, चेहरा कसा एवढासा झालेला.

अकरा वाजले. सव्वाअकराला ट्रकवाल्याने रिकामा ट्रक वळवला. साडेबाराला डोक्यावरून विमान गेलं. ते ठिपका होईपर्यंत धाकटा बघत राहिला. मग उठला आणि शर्टाच्या खिशातून कार्ड काढलं.

"सापडलं बघ, दादा. आता तू तुझं लाव." त्याने कार्ड यंत्रावर टेकवलं.

दादाने हात खिशात घातले.

फाटक उघडलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: "या मालाचा मालक एकच, हे कार्डधारक. हस्तांतर आज सकाळी, दोघांच्या संमतीने."