स्वतःचं स्वतः

“सगळं स्वतःचं स्वतः करतो हो हा!” बाबांनी पुन्हा ठणकावून सांगितलं. तो मान खाली घालून मांडीवर पडलेल्या आपल्या हातांकडे बघत राहिला.

बँकेच्या बाई समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. दातांचा डॉक्टर व्हायचं म्हणून त्याने काढलेलं कर्ज कधीच थकलं होतं. शेवटच्या वर्षाला आजारपणात बोटांतली ताकद गेली, ती परत आलीच नाही. आता अपंग भत्त्यावर किराणा कसाबसा निघायचा, हप्त्यांचं नाव काढायची सोय नव्हती. जामीन बाबा होते. बँकेने त्यांच्या पेन्शनला कात्री लावली, तसे ते म्हातारपणी औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसू लागले. रात्री उशिरा दमून घरी येत. दवाखान्याचे कागद बँकेला पोचले होते, उरली होती ही घरची चौकशी. याला कुठलंच काम जमणार नाही अशी बाईंची खात्री पटली, तर कर्ज माफ होणार होतं. त्यासाठी फक्त बाबांनी गप्प बसायला हवं होतं.

पण बाबांच्या कौतुकाची गाडी एकदा सुटली की तिला थांबा नसे. “अहो, आम्ही याला अजून डॉक्टरच म्हणतो. काय डॉक्टर, चहा घ्या की!”

त्याने कपाला हात लावला नाही.

“गार करून पितो तो,” बाबा घाईघाईने म्हणाले. आई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती.

“म्हणजे बैठं काम जमेल यांना? कॉम्प्युटरवर वगैरे?” बाईंनी विचारलं.

“न जमायला काय झालं!”

त्याला संताप आला, आणि संतापाहून जास्त लाज वाटली. भत्त्यावर जगणारा मुलगा चारचौघांत सांगायची बाबांना चोरी होते, हे त्याला केव्हाच कळून चुकलं होतं. ते बढाया मारत आणि तो निमूट ऐकून घेई. आपण त्यांना दुसरं दिलंय तरी काय, असं त्याला वाटे. पण आज त्या बढाईपायी ते मरेपर्यंत गल्ल्यावर बसणार होते.

“बाबा खोटं बोलताहेत,” तो म्हणाला.

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाबांकडे बघायची हिंमत होईना, म्हणून तो बाईंकडेच बघून बोलत राहिला.

“शर्टाची बटणं आई लावते. मला घाससुद्धा उचलता येत नाही. आई भरवते, तान्ह्या मुलाला भरवतात तसं. बाबा कामावरून यायच्या आत आम्ही ते उरकून घेतो. त्यांना यातलं काही माहीत नाही.” त्याचा आवाज चिरकला. “त्यांनी मला तसं बघू नये म्हणून.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “काका, खरं आहे हे?”

बाबांचा मघाचा सगळा तोरा उतरला होता. ते एकदम थकलेले दिसत होते.

“खरं आहे,” ते म्हणाले. “माफ करा बाई. तुम्ही विचारणार आणि माझ्यादेखत त्याला हे स्वतःच्या तोंडाने सांगावं लागणार. ते टळावं एवढंच बघत होतो. हप्त्यांचं काय, ते फेडले असते मी.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?” त्याने विचारलं.

बाबा उठले आणि त्याच्या शेजारी येऊन बसले.

“दुकान दिवेलागणीलाच बंद होतं रे. तुझं जेवण होईपर्यंत मी खाली जिन्यात बसून असतो.”