वेसण

बेंदराच्या दिवशी सरपंच चुन्याची बादली घेऊनच चावडीपुढं आले. "सगुणाक्का, कुणाला विचारून भिंतीवर बैल काढलास? पुसून टाकतो!"

आठवडाभर खपून रंगवलेला खिलारी तो! अक्का बादलीला आडवी गेली.

तेवढ्यात मिरवणुकीतून सरपंचांचाच बैल आला. भिंतीवरचा गडी दिसताच त्यानं डुरकी फोडली, कासरा तोडला आणि भिंतीला धडक दिली. गाव पांगलं. सरपंच बादलीसकट पिंपळावर!

"अक्के, पुसत नाही तुझा बैल! पण असा मोकळा सोडतात होय? आधी वेसण घाल त्याला!"

खरंच, चित्रात वेसण काढायची राहिलीच होती. हरखलेली अक्का कुंचला घेऊन दोघा बैलांच्या मधे घुसली. वेसण रंगवताना हाताला गरम फुसकारा लागला आणि तो पाठीमागच्या बैलाचा नव्हता, असं ती आजही शपथेवर सांगते.