शुद्ध सोन्याची किल्ली

"आमच्याकडे रुग्णाचा जीव शुद्ध सोन्यासारखा जपतात," असं गर्जत रुग्णालयाच्या संचालकांनी डॉ. कू यांना वीस वर्षांच्या सेवेबद्दल शुद्ध सोन्याची किल्ली दिली. दुसऱ्या दिवशी ती खिशात मिरवत डॉक्टर एमआरआयच्या खोलीकडे निघाले. आत प्यो आजी तपासणीसाठी गाठीत सुई टोचून घ्यायला आडव्या झाल्या होत्या.

"सर, किल्ली बाहेर ठेवा," नर्स बोरानं बजावलं.

"सोनं चुंबकाला चिकटत नाही, बाई. शाळेत झोपा काढल्यास वाटतं?"

डॉक्टरांनी आत पाऊल टाकलं मात्र, किल्ली खिशातून उडाली आणि आजींच्या डोक्यावरून जाऊन यंत्राला खाडकन चिकटली.

आजींनी किल्लीकडे पाहिलं, मग ट्रेमधल्या सुईकडे.

 

"पोरी, सुईही संचालकांनीच आणली असेल, तर मला तेवढं खाली उतरव."