डोळ्यांदेखत

"नुसतं 'पूर' लिहून शोधलंस तर अख्खं जग बुडेल," बू वुर्यानी म्हणाल्या. "आपल्याला एकच गाव बुडवायचंय."

सेकार हसली. तिने शोधाच्या चौकटीत भरती, बायका आणि डेमाक जिल्हा असे शब्द वाढवले. नऊ हजार लेखांचे त्रेचाळीस झाले.

इंडोनेशियातल्या सेमारांगच्या एका विद्यापीठात बू वुर्यानी, म्हणजे वुर्यानीबाई, अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल होत्या. शोधनिबंधांचे डेटाबेस त्यांना घरच्या फडताळासारखे पाठ होते, पण शिकायला येतंय कोण? मुलं यायची ती एसीची हवा खायला आणि फोन चार्ज करायला. त्यात जोकींचा सुळसुळाट. पैसे घेऊन दुसऱ्याचा प्रबंध लिहून देणाऱ्याला इथे जोकी म्हणतात. बूंनी आजवर असे अकरा प्रबंध पकडून दिले होते. विभागप्रमुख पाक हर्तोयो, म्हणजे हर्तोयो सर, त्यांना थट्टेने मांजर म्हणायचे, आणि बूंना ते मनातून आवडायचं.

अशात ही सेकार आली. सातवं वर्ष, चौदावं सत्र. या सत्रात प्रबंध झाला नाही तर नाव कटणार आणि पदवी कायमची गेली. कार्डावरच्या फोटोत मोकळ्या केसांची, गुबगुबीत गालांची पोर होती. समोर उभी होती ती हिजाब घेतलेली आणि गाल बसलेली. बूंना वाईट वाटलं. सात वर्षांत त्यांनी स्वतः तीन चष्मे बदलले होते. कार्डाची मुदत संपलेली, ती त्यांनी आपल्या अधिकारात वाढवून दिली.

मुलगी गुणी निघाली. खिडकीजवळच्या टेबलाशी रोज आठला बसायची, चारला उठायची. कामात इतकी गढलेली असायची, की नावाने हाक मारली तर दोनदा मारावी लागे. भरतीचं पाणी घरात शिरतं त्या गावांतल्या बायका, हा तिचा विषय. तिथे दर दोन-तीन वर्षांनी भराव टाकून घराची जमीन वर घेतात. छप्पर मात्र तिथेच राहतं.

"आमच्या घरात आता वाकूनच शिरावं लागतं," ती एकदा म्हणाली. "आई म्हणते, बरंय, पाहुणे आपोआप नम्र होतात."

बू हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डब्यात दोन तळलेली केळी जास्त येऊ लागली.

शिकायची भूक तर अशी, की शेजारच्या टेबलावरच्या मुलाला बँकांविषयीचे संदर्भ मिळेनात तेव्हा ते हिनेच बसल्या जागी काढून दिले. आपल्यानंतर ही खुर्ची हिलाच मिळायला हवी, असं बूंनी मनाशी ठरवूनही टाकलं.

मे महिन्यात प्रबंध जमा झाला आणि आठवड्याच्या आत पाक हर्तोयो तणतणत ग्रंथालयात आले. सहा वर्षं जिला धड एक पान लिहिता आलं नाही, ती असं लिहिते? हा जोकीचा माल आहे, मी तोंडी परीक्षा होऊ देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. बूंचं डोकंच फिरलं. पोर सुधारली तर कौतुक करायचं सोडून हा संशय! त्यांनी शोधांची सगळी नोंद काढून समोर ठेवली. चार महिने, रोज, एकाच कार्डावर. हर्तोयो तरी बधेनात. लेखी द्याल का, त्यांनी विचारलं.

बू देते म्हणाल्या.

हे कळलं तेव्हा मुलीचा चेहरा पांढरा पडला.

"बू, सही करू नका."

"का गं?"

"उद्या काही झालं तर नोकरी जाईल तुमची. दोन वर्षांवर निवृत्ती आलीय. मी त्या लायकीची नाही."

"लायकी मी ठरवते. तू गप ते केळं खा."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. केळं तसंच राहिलं.

बूंनी कागदावर सरकारी तिकीट चिकटवलं आणि त्यावर सही ठोकली. हा प्रबंध या विद्यार्थिनीने माझ्या डोळ्यांदेखत स्वतः लिहिला आहे, हे खोटं निघाल्यास होईल ती शिक्षा मला मान्य आहे, असं त्यात होतं.

परीक्षेला येऊ नका, मला घाबरल्यासारखं होईल, असं मुलीने दोनदा बजावलं होतं. पण अठ्ठावीस वर्षांत बूंनी एकाही विद्यार्थ्यासाठी फूल नेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सूर्यफुलांचा गुच्छ घेतला आणि तिसऱ्या मजल्यावर गेल्या. दाराबाहेर मैत्रिणींचा घोळका थांबला होता. हातात फुगे होते आणि सेकारच्या नावाचा चकचकीत पट्टा. यांतली एकही मुलगी बूंनी ग्रंथालयात पाहिलेली नव्हती. असतील जुन्या, त्यांना वाटलं.

दार उघडलं. गलका झाला, टाळ्या वाजल्या. बूंना नुसत्या पाठी दिसत होत्या. मागून हर्तोयो बाहेर आले, ओशाळलेले.

"बू, मी हरलो. सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली पोरीने. तुम्ही लिहून दिलं नसतं तर मी तिला दारातूनच परत पाठवणार होतो."

बूंना भरून आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. हर्तोयोंनी मैत्रिणींना बाजूला सारलं आणि सेकारला हाक मारली. पहिल्याच हाकेला ओ आली. नावाचा पट्टा घातलेली मुलगी पुढे झाली, रीतीप्रमाणे वाकली आणि बूंचा हात तिने कपाळाला लावला.

"तुम्ही नसतात तर माझं काही खरं नव्हतं, बू," असं म्हणून तिने मान वर केली.

गुबगुबीत गालांच्या त्या मुलीला बू वुर्यानी जन्मात पहिल्यांदाच पाहत होत्या.