ओळखपरेड

कोपर स्टेशनवर कलावतीबाईंचं मंगळसूत्र हिसकावलं गेलं. खटल्यात पुरावा एकच होता, ओळखपरेडीत त्यांनी आरोपी मितेशकडे दाखवलेलं बोट.

"चुकेन कशी, साहेब? हवालदारांनी परेडीच्या आदल्या दिवशीच त्याचा फोटो दाखवलेला ना!" ठाणे कोर्टाच्या व्हरांड्यात त्या सरकारी वकील हरिहरांना भाबडेपणानं म्हणाल्या.

हरिहरांना कळून चुकलं, म्हणजे ओळखपरेडच बाद. मितेशच्या वकिलाला याचा पत्ता नव्हता. हरिहर गप्प राहिले असते तर शिक्षा नक्की होती. पण त्यांनी न्यायाधीशांना सगळं सांगितलं. मितेश सुटला. कलावतीबाई ओक्याबोक्या गळ्याभोवती पदर लपेटून निघून गेल्या.

 

मितेश मात्र वाकून हरिहरांच्या पाया पडला. "पुढच्या टायमाला पण सरकारतर्फे तुम्हीच या हां, साहेब."