भट्टीमागचं दार

सकाळीच मिलाग्रोसला फाउस्टोचा फोन आला होता, "अंगात ताप आहे गं. आज तू एकटीच सांभाळ, आणि टेबल सोडून हलू नकोस हं." तीन वर्षं दोघांनी मिळून केलेला गेम आज मोन्तेविदेओच्या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच लोकांपुढे आला होता. काखेत थर्मास धरलेली एक बाई मिलाग्रोससमोर डेमो खेळायला बसली आणि थेट गेममधल्या बेकरीच्या भट्टीमागचं चोरदार उघडून मोकळी झाली.

"अगंबाई! दिवसभरात कुणालाच सापडलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

"वरच्या मजल्यावर हाच गेम आहे की, दुसऱ्या नावानं. तिथल्या माणसानंच दाखवलं. म्हणाला, सगळं एकट्यानं केलंय."

मिलाग्रोसनं हळूच विचारलं, "त्याला ताप होता का हो?"